डोकं वाऱ्याकडे

पंचाक्षरी मास्तरांना व्यसन असं एकच होतं, समजावून सांगण्याचं. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही, सोंगट्यांच्या डावाला ते कधी बसले नाहीत. पण समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. शाळेत होते तेव्हा त्यांनी पृथ्वीचं फिरणं भोवऱ्यावरून शिकवलं आणि चक्रवाढ व्याज कोंबडीच्या पिलांवरून. पोरांना व्याज कळलं की नाही देव जाणे, पण पिलं अजून आठवतात. पुढे हेडमास्तरांशी बिनसलं आणि शाळा सुटली. खोड मात्र सुटली नाही.

त्याच सुमारास दख्खन हवाई टपाल नावाची एक कंपनी निघाली. आठवड्यातून एकदा तिचं विमान सोलापूरला उतरणार, टपालाच्या पिशव्या टाकणार, दुसऱ्या घेणार आणि हैदराबादेकडे उडून जाणार. कंपनीला इंग्रजी, मराठी आणि कानडी अशा तिन्ही भाषा बोलणारा माणूस हवा होता. मास्तर अक्कलकोटकडचे लिंगायत, त्यामुळे घरात कानडी, दारात मराठी आणि पोटापाण्याला इंग्रजी असा त्यांचा संसार होताच. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात एका सायकलवाल्याच्या माडीवर कंपनीची पाटी लागली आणि पाटीखाली मास्तरांची खुर्ची. ज्या गावाने त्यांना शाळा सुटल्यावर ओळख दाखवायची बंद केली होती, तेच गाव आता लांबून हात जोडून ‘विमानमास्तर’ म्हणू लागलं. मास्तरांना ते आवडे, आणि आवडतं हे ते लपवीतही नसत.

विमान उतरायला मंद्रूपच्या वाटेवरचा एक माळ घेतला होता. बाभळी तोडल्या, दगड वेचले, कडेने चुन्याने रंगवलेले धोंडे लावले, वारा कळायला एका खांबावर कापडी पिशवी टांगली आणि राखणीला सिद्धाप्पा धनगराला ठेवलं. सिद्धाप्पाची मेंढरं रोगाने गेली होती. उरलीसुरली भावाच्या कळपात सोडून तो बायकोला, मायाक्काला, घेऊन माळावरच्या झोपडीत राहायला आला. माणूस अबोल. एक सांगितलं तर एकच करायचा, पण ते असं की दुसऱ्यांदा बघायला जायला नको.

त्याच्याकडे सगळ्यात जोखमीचं काम होतं ते ‘टी’ मांडायचं. इंग्रजी टी अक्षरासारख्या, पांढऱ्या मांजरपाटाच्या दोन लांब पट्ट्या. विमानाला उतरताना वारा तोंडावर घ्यावा लागतो. तो पाठीशी आला तर विमान थांबता थांबत नाही. म्हणून वारा जिकडून येत असेल तिकडे टीची आडवी पट्टी करायची. पायलट वरून ती बघतो आणि उभ्या पट्टीवरून आडव्या पट्टीच्या दिशेने उतरतो. कंपनीचा गोरा माणूस कराचीहून हे शिकवायला आला होता. त्याने तासभर इंग्रजीत सांगितलं, काठीने मातीत बाण काढले, आणि सिद्धाप्पा त्या बाणांकडे जत्रेतला पाळणा बघावा तसा बघत राहिला.

शेवटी मास्तर पुढे झाले. आठी दिसलीच होती.

“सिद्धाप्पा,” ते म्हणाले, “हा कपडा नव्हेच. हा माणूस आहे असं समज. दोन हात पसरून उताणा झोपलाय. हे हात, हे पाय. वारा जिकडून येईल तिकडे याचं डोकं करायचं. डोकं वाऱ्याकडे. कळलं?”

“कळलं की,” सिद्धाप्पा म्हणाला, आणि पहिल्याच खेपेला त्याने टी अशी बिनचूक मांडली की गोऱ्या माणसाने मास्तरांचा हात धरून गदागदा हलवला. विमान वारा तोंडावर घेऊनच का उतरतं, उलटं उतरलं तर काय होतं, हे सांगायचं राहूनच गेलं. गड्याला ते कशाला हवं, असं दोघांनाही वाटलं असावं. मास्तर त्या दिवशी घरी गेले ते वीतभर उंच होऊन गेले.

आणि खरंच, पाच-सहा महिने सगळं सुरळीत चाललं. पावसाळाभर पश्चिमेचं वारं, तेव्हा माणसाचं डोकं पश्चिमेला. दसऱ्यानंतर वारं पूर्वेचं झालं, तसं डोकं पूर्वेला. सुरुवातीला मास्तर पिशव्या घेऊन आले की आधी टी बघायचे, मग सिद्धाप्पाला रामराम करायचे. पुढे नुसताच रामराम उरला. मार्गशीर्षात खांबावरची पिशवी फाटून तिच्या चिंध्या झाल्या. मास्तरांनी कंपनीला दोनदा कळवलं, कंपनीने दोनदा ‘पाठवतो’ म्हटलं, आणि टी आहेच की म्हणून कोणाचंच काही अडलं नाही.

पौषात मात्र अचानक उत्तरेचं वारं सुटलं. असं गार, की माळावरच्या कुत्र्यानेही झोपडीचा आडोसा सोडला नाही. त्याच दिवशी विमान होतं. मास्तर झोपडीपाशी उपरणं कानाला गुंडाळून उभे होते. विमान आलं, माळावर घिरटी घातली आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरलं. मास्तरांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायच्या आत विमान त्यांच्यासमोरून भरधाव गेलं, चुन्याचे धोंडे ओलांडून गेलं आणि पलीकडच्या ओढ्यात तोंडावर पडलं. आवाज फार मोठा झाला नाही. पितळी हंडा विहिरीत पडावा तेवढा झाला.

सिद्धाप्पा सगळ्यांच्या आधी ओढ्यात उतरला. पायलट म्हणजे विशीतला पारशी पोरगा, दर खेपेला निघताना वरून टोपी हलवणारा. सिद्धाप्पाने त्याला खांद्यावर घालून वर आणलं. पोरगा बेशुद्ध होता, मांडी मोडली होती आणि कानातून रक्त येत होतं. छकड्यात कडबा पसरून त्याला सोलापूरच्या इस्पितळात नेलं. जाताना सिद्धाप्पाने छकड्याची दांडी धरून विचारलं, “मास्तर, वाचत्याल न्हवं?”

मास्तरांनी तोवर माळावरची टी पाहिली होती. आडवी पट्टी दक्षिणेला होती, साफ उलटी. त्यांच्या अंगाची लाही झाली. “काही खरं नाही,” ते तुटकपणे म्हणाले आणि छकड्यात चढले.

त्यानंतर सिद्धाप्पाने त्यांना काही विचारलं नाही.

कंपनीची तार लगोलग आली. राखणदाराला कामावरून काढा, पोलिसांत फिर्याद द्या, दिल्लीहून चौकशीचे साहेब येत आहेत त्यांचा शेरा मिळताच त्याला अटक होईल. माळावर एक शिपाई बसवला. मास्तर रोज सकाळी इस्पितळात जात आणि दुपारी माळावर. इस्पितळात पोरगा दोन दिवस ग्लानीत होता. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं, तेव्हा मास्तरांनी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन नारळ फोडला. माळावर मात्र रोज तेच: “सिद्धाप्पा, उलटी का मांडलीस?” आणि रोज तेच उत्तर: “इसरलो.”

मास्तरांना राग येई, आणि रागाच्या तळाशी, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटे. त्यांचं नाव कुठे आलं नव्हतं.

चौकशीचे क्लेटन साहेब मेलगाडीने आले. उंच, उन्हाने भाजलेले, आणि वाटेत कुठे काय खाल्लं कोण जाणे, पोट असं बिघडलेलं की नुसत्या केळ्यांवर दिवस काढत होते. सकाळी त्यांनी इस्पितळात पायलटशी बोलून घेतलं. पोरगा उशीला टेकून पेज पीत होता. तो म्हणाला, टी बघितली आणि टीप्रमाणे उतरलो, पिशवी तर खांबावर नव्हतीच. मग साहेब माळावर आले. चाकांच्या खुणांवरून टोकापर्यंत चालत गेले, ओढ्यात उतरून विमानाच्या तारा ओढून पाहिल्या, फाटक्या पिशवीचं लक्तर हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले, आणि मग बाभळीखाली खुर्चीवर बसून त्यांनी सिद्धाप्पाला बोलावलं. दुभाषे अर्थात मास्तर.

“टी कोणी मांडली?”

“म्याच मांडली.”

“वारा कुठून होता?”

“उत्तरंकडनं.”

“मग आडवी पट्टी उत्तरेला का नाही?”

“इसरलो.”

साहेबांनी आणखी दोनदा, वेगळ्या तऱ्हेने विचारलं. सिद्धाप्पा पायाच्या अंगठ्याकडे बघत तेच म्हणत राहिला. साहेबांनी सुस्कारा टाकला. “माणूस चुकतो,” ते इंग्रजीत म्हणाले, “पण चुकण्याचं कारण म्हणून ‘विसरलो’ हे मला कधी पुरेसं वाटत नाही. असो. तो स्वतःच म्हणतो तर मी काय लिहिणार? संध्याकाळच्या गाडीने मला परत जायचं आहे.” आणि ते केळं सोलू लागले. शिपाई उठून पट्टा सारखा करू लागला.

मास्तर झोपडीच्या मागे पाण्याच्या मडक्याकडे गेले. मायाक्का तिथे उभी होती. डोळे कोरडे, पण जबडा असा आवळलेला की मास्तरांनी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

“मास्तर, येक इचारू?”

“विचार की.”

“त्यो कपडा म्हंजी माणूस हाय, उताना निजलाय, असं तुमीच सांगितलं न्हवं ह्येंना?”

“मीच सांगितलं.”

“मंग डोकं उत्तरंला केल्यावर पाय कुटं जात्यात?”

मास्तरांनी मान वळवून माळाकडे पाहिलं.

“दक्षिनंला,” मायाक्का म्हणाली. “आमच्यात माणूस मेला म्हंजी तसा निजवत्यात. तुमच्यात बसवत्यात, ते ठावं हाय मला. पर आमच्यात निजवत्यात. त्या दिशी ह्येंनी आदी तुमी सांगितल्यालं तसंच मांडलं. मांडलं आन् बगत हुबं ऱ्हायलं. मला हाळी घातली. म्हणलं, मायाक्का, बग, मडं दिसतंय, आन् हेच्यावर त्यो पोरगा येऊन उतरनार. मीच म्हणलं, फिरवा की मंग. रेग तर तीच ऱ्हातीया. डोकं हिकडं काय आन् तिकडं काय.”

“मग साहेबांना हे सांगत का नाही तो? ‘विसरलो’ काय म्हणतो?”

“ते त्येंनाच इचारा. मला बोलू नगं म्हणून आन घातलीया. मी मोडली. माजा नवरा कोठडीत जाताना मी का गप बसू?”

मास्तर तिथेच दगडावर बसले. वीस वर्षं त्यांनी दृष्टांत दिले होते, आणि प्रत्येक दृष्टांत देताना समोरच्याच्या तोंडावरची आठी गेली की विषय संपला असं मानलं होतं. आठी गेल्यावर त्या दृष्टांताचं त्या डोक्यात पुढे काय होतं, हे पाहायला ते कधी मागे वळले नव्हते. लिंगायताचा मुलगा, मेलेल्या माणसाला बसवून नेताना बघत लहानाचा मोठा झालेला. झोपलेला माणूस त्यांना झोपलेलाच दिसला होता.

सिद्धाप्पा गप्प का आहे, हेही त्यांच्या ध्यानात आलं असं त्यांना वाटलं. तो आपल्याला वाचवतोय. मास्तरांचं नाव येऊ नये म्हणून ‘विसरलो’ म्हणतोय. या विचाराने त्यांना त्याच्याकडे धावत जावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी, माणसाचं मन केवढं नाठाळ बघा, दुसरा विचार आला की मग तो वाचवतोच आहे तर वाचवू द्यावं. आपण काही त्याला सांगितलं नव्हतं फिरव म्हणून. सांगितलं होतं ते बरोबरच होतं: डोकं वाऱ्याकडे. यात चूक कुठे आहे? सात रस्त्यावरची पाटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. पाटी उतरल्यावर तोंड फिरवून जाणारी माणसंही आली.

किती वेळ बसले कोण जाणे. मग उठले, धोतराची धूळ झटकली आणि साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

“साहेब, गाडीला अजून अवकाश आहे. मला एक गोष्ट करून बघायची आहे. आपण फक्त पाहा.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, केळ्याची साल बाजूला ठेवली आणि मान हलवली.

मंद्रूपच्या बाजाराचा दिवस होता आणि वाटेने माणसं चालली होती. थंडी अजून ओसरली नव्हती, वारं उत्तरेचंच होतं. मास्तरांनी पहिल्यांदा कांद्याची गाडी हाकणाऱ्या गुंडा नावाच्या माणसाला हाक मारली. टीच्या पट्ट्या त्याच्या हातात दिल्या आणि अगदी त्याच शब्दांत, तोच हात हलवून, सांगितलं: हा माणूस आहे, उताणा झोपलाय, वाऱ्याकडे डोकं करून त्याला झोपव. गुंडाने वाऱ्याकडे तोंड केलं, पट्ट्या पसरल्या, दोन पावलं मागे सरून पाहिलं. मग इकडे तिकडे बघत, कोणाला न विचारता, आडवी पट्टी उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. “ह्ये बरं दिसतंय,” तो म्हणाला आणि बैलांकडे गेला.

साहेब खुर्चीत सरळ बसले.

मग केराबाई आली. ही अंडी घेऊन बाजाराला निघालेली म्हातारी. तिने सगळं ऐकून घेतलं, पट्ट्यांकडे पाहिलं आणि टोपली डोक्यावरून उतरवलीच नाही. “मास्तर, चांगल्या घरचं दिसताया तुमी,” ती म्हणाली. “भर बाजाराच्या दिशी मला मडं मांडाय सांगताया व्हय? मी न्हाय जा.” आणि ती चालू पडली.

तिसरे गोपाळराव पोस्टमास्तर. टांग्यातून उतरलेले, कोटाच्या खिशात घड्याळ, आणि असल्या समजुतींना हसणारे. दक्षिणेकडे पाय करून निजलं म्हणून कोणी मेल्याचं मी पाहिलेलं नाही, असं ते आधीच सांगून मोकळे झाले. मग कोट सावरत वाकले आणि टी मांडली. मांडली ती तिरकी. डोकं ना उत्तरेला, ना पूर्वेला.

“गोपाळराव, वारा उत्तरेचा आहे.”

“हो, पण थोडा ईशान्येकडून येतो आहे, नाही का?” गोपाळराव म्हणाले आणि स्वतःच ओशाळे हसले. वारा ईशान्येचा नव्हता हे त्यांनाही कळत होतं.

साहेब उठले. “आता तुम्ही मांडा,” ते मास्तरांना म्हणाले.

मास्तरांनी मांडली. हात कुठे अडला नाही, मनात काही आलं नाही. आडवी पट्टी नेमकी उत्तरेला, उभी दक्षिणेला. सरळ, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी. मांडून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं, आणि साहेब आपल्याकडे बघत नसून वाटेवरून लांब जाणाऱ्या म्हातारीकडे बघताहेत हे त्यांना दिसलं.

“तुम्हाला जमतं,” साहेब म्हणाले. “पण मांडायची ती तुम्हाला नाही.”

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. मृतदेह कसा ठेवतात, रेघ तीच राहते असं सिद्धाप्पाला का वाटलं, वारा पाठीशी आला तर काय होतं हे त्याला कोणीच कधी सांगितलं नव्हतं, आणि टी रोज बघायचं आपण कधीपासून सोडलं. “माणूस आहे असं समज, हे शब्द माझे होते, साहेब,” ते म्हणाले. “कंपनीचे नव्हते, त्याचे नव्हते. माझे.”

साहेबांनी खांबावरच्या चिंध्यांकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं.

“मी मघाशी लिहिणार होतो की राखणदार निष्काळजी आहे, त्याला काढा,” ते म्हणाले. “काढलं असतं. मग कंपनीने याच गावचा दुसरा ठेवला असता. त्याला तुम्हीच शिकवलं असतं, याच शब्दांत, आणि पिशवी तरीही आली नसती. पुढच्या पौषात मी पुन्हा इथे येऊन केळी खात बसलो असतो.” ते शिपायाकडे वळले आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले, “तुम जाओ. फौजदार को बोलो, कुछ काम नहीं.”

शिपायाने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी मान हलवली, तसा तो सोलापूरच्या वाटेला लागला. झोपडीच्या दारात मायाक्का मटकन खाली बसली. सिद्धाप्पा होता तिथेच उभा राहिला.

“त्याला विचारा,” साहेब म्हणाले, “खरं कारण होतं, चांगलं कारण होतं, मग विसरलो असं खोटं का बोलला? तो तुरुंगात गेला असता.”

मास्तरांनी विचारलं. विचारताना त्यांनी मनाची तयारी केली होती. हा आता आपलं नाव घेणार, मास्तरांवर बालंट नको म्हणून, असं म्हणणार, आणि आपण ते साहेबांना भाषांतर करून सांगायचं. शरमेची गोष्ट, पण सुखाचीही.

सिद्धाप्पाने डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. मग हळू म्हणाला, “मास्तर, धाकलं साहेब दवाखान्यात पडल्यात. जगत्यात का जात्यात, कुणाला ठावं. असल्या टायमाला मी मड्याची गोष्ट काडू? त्येंच्या नावासंगं? असल्या वेळंला तोंडातनं अभद्र जाऊ नये माणसाच्या. म्हणलं, त्ये आदी आपल्या पायानं चालत भाईर येऊंद्यात, मंग सांगीन समदं. तवर कोठडी तर कोठडी.”

मास्तर म्हणजे जन्मभर दुसऱ्याला समजावून सांगणारा माणूस, पण या चार वाक्यांना एक दृष्टांत सुचेना. त्यांचं नाव त्यात कुठे नव्हतंच. शेवटी त्यांनी ते जसंच्या तसं, शब्दाला शब्द, शाळकरी इंग्रजीत सांगितलं.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली.

“पण तो मुलगा तर केव्हाच शुद्धीवर आला आहे,” ते म्हणाले. “सकाळी मी त्याच्याशी बोललो. तुम्ही रोज जाता तिथे. याला कोणी सांगितलं नाही?”

मास्तर रोज इस्पितळात गेले होते आणि रोज इथे आले होते. सिद्धेश्वराला नारळ फोडला त्याही दुपारी ते इथे आले होते. आले, विचारलं, आणि परत गेले.

“नाही, साहेब,” ते म्हणाले. “आम्ही सगळे याला नुसतं विचारत होतो.”

मग ते सिद्धाप्पाजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“पोरगा बरा आहे, सिद्धाप्पा. तिसऱ्या दिवशीच त्याने डोळे उघडले. आज उशीला टेकून पेज पीत होता. पाय जुळायला महिने लागतील, पण चालेल, असं डॉक्टर म्हणाले. मी तुला सांगायला हवं होतं.”

सिद्धाप्पाने मान वर केली. त्याने मास्तरांकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. झोपडीच्या दाराकडे वळून तो म्हणाला, “ऐकलंस का गं, पेज पितोय म्हणं,” आणि तोंडावर मुंडासं धरून रडायला लागला.